दोष पंपाचा की पाण्याचा?

परीक्षण म्हटले की समोर एखादे पुस्तक असावे अशी अपेक्षा असते. आमच्यासमोर आहे ती चोवीस पानांची एक पुस्तिका. तिच्यावर लेखकाचे नाव नाही, किंमत नाही आणि कोणत्याही ग्रंथालयात ती मिळणार नाही. आमच्या हाती आलेली प्रत तेलाच्या डागांनी इतकी माखलेली होती की काही पाने खिडकीच्या उजेडात तिरपी धरून वाचावी लागली. दाबाखालील हवेवर चालणाऱ्या दुहेरी डायफ्रॅम पंपाची देखभाल आणि दुरुस्ती कशी करावी, हे ती सांगते. कारखान्यात असा पंप आला की त्याच्या खोक्यातच अशी पुस्तिका येते. पुढे कुतूहलाने आम्ही आणखी चार-पाच कंपन्यांच्या पुस्तिका मिळवून पाहिल्या. कंपन्या वेगळ्या, मजकूर जवळजवळ तोच. त्यामुळे इथे कोणा एका कंपनीला बोल लावायचा नाही. हा एका लेखनप्रकाराचा विचार आहे.

पुस्तिका मिळाली ती अशी. पालघरला माध्यमिक शिक्षकांच्या कार्यशाळेत ‘हवेचा दाब’ या घटकावर बोलायला आम्ही गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत बोईसरकडच्या एका शाळेतले विज्ञानशिक्षक जवळ आले. त्यांचा एक जुना विद्यार्थी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स विभागात हेल्पर आहे. दहावी झाला, आयटीआय झाला आणि कंत्राटावर कामाला लागला. त्याने ही पुस्तिका सरांकडे आणून दिली होती आणि म्हणाला होता, “सर, यात लिहिलंय तसं मी करतो. पण का करतो ते कळत नाही.” सरांनी तो प्रश्न आमच्याकडे ढकलला. सोबत एक भंगारात निघालेला, फक्त पाण्यासाठी वापरलेला आणि नीट धुतलेला छोटा पंपही त्यांनी पिशवीत घालून आणला होता. दुपारचे आमचे भाषण राहिले बाजूला. तो पंप उघडण्यातच वेळ गेला.

तारापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला अणुवीजकेंद्र आठवते. १९६९ साली सुरू झालेले ते देशातले पहिले अणुवीजकेंद्र. पण पालघर, डहाणू, विक्रमगडकडच्या पुष्कळ मुलांच्या वाट्याला येते ती त्याच्या शेजारची औद्योगिक वसाहत: रंग, रंगांसाठी लागणारी रसायने, औषधांची मूळ द्रव्ये, कापड, पोलाद. रासायनिक कारखान्यात आम्ल ड्रममधून टाकीत न्यायचे असो, विद्रावक उपसायचा असो, की सांडपाण्याचा गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबायचा असो, हा पंप हटकून असतो. त्यात विजेची मोटर नाही, त्यामुळे ठिणगी नाही. फिरता दांडा नाही, त्यामुळे दांड्याभोवतीच्या सीलमधून गळती नाही. कोरडा चालला तरी लगेच जळत नाही. १९५५ साली अमेरिकेत जिम वाइल्डन यांनी तो बनवला, आणि आज त्याचे भाऊबंद जगभर आहेत.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आपल्या वर्गात पंप शिकवला जातो तो कधीही न बिघडणारा पंप असतो. कारखान्याच्या पुस्तिकेतला पंप बिघडतो, पण का बिघडतो हे तिथे कोणी सांगत नाही. त्या हेल्पर मुलाने ही दोन्ही पुस्तके चार वर्षांच्या अंतराने वाचली आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्याला कोणीही दाखवले नाही. त्याचा प्रश्न त्या फटीतून आलेला आहे.

आधी पंप समजून घेऊ. मध्यभागी एक आडवा दांडा आहे. त्याच्या दोन टोकांना दोन लवचीक पडदे, म्हणजे डायफ्रॅम, बसवलेले आहेत. प्रत्येक पडद्याच्या आतल्या अंगाला हवा आणि बाहेरच्या अंगाला द्रव. मधला एअर व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरची हवा आळीपाळीने कधी डाव्या पडद्यामागे, कधी उजव्या पडद्यामागे सोडतो. हवा डाव्या पडद्याला बाहेर रेटते आणि डाव्या कप्प्यातला द्रव वरच्या नळीतून निघून जातो. त्याच वेळी दांड्यामुळे उजवा पडदा आत ओढला जातो, उजव्या कप्प्यातला दाब उतरतो आणि खालच्या नळीतून द्रव आत येतो. मग पाळी बदलते. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी आणि माथ्याशी एकेक चेंडू आपल्या बैठकीवर बसलेला असतो. हे चार ‘बॉल’ म्हणजे एकमार्गी झडपा. शिक्षकांपैकी एकीने लगेच हृदयाची उपमा दिली. चार झडपा आणि दोन बाजू एवढ्यापुरती ती ठीक आहे. पण हृदयाची दोन्ही जवनिका एकाच वेळी आकुंचन पावतात आणि रक्त एका बाजूकडून फुप्फुसांमार्गे दुसरीकडे जाते. इथे दोन्ही बाजू आळीपाळीने आणि स्वतंत्रपणे तेच काम करतात. उपमा वापरायचीच तर तिथे थांबून हा फरक मुलांना विचारावा.

वरच्या वर्णनात ‘द्रव आत येतो’ असे आम्ही लिहिले, ‘ओढला जातो’ असे लिहिले नाही. सर्व घोळ या एका क्रियापदात आहे. पंप पाणी ओढतो असे आपण घरी बोलतो, तेच वर्गात येते, तेच उत्तरपत्रिकेत उतरते. वास्तविक पडदा मागे सरतो आणि बाहेरचे वातावरण द्रवाला आत ढकलते. हा शब्दच्छल नव्हे. ओढायला मर्यादा नसते, वातावरणाला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला, म्हणजे बोईसरला, ते पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकते. त्यापुढे एक बोटही नाही.

ही मर्यादा कशी लक्षात आली त्याची हकीकत वर्गात सांगण्यासारखी आहे. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या गॅलिलिओच्या ‘दोन नवी शास्त्रे’ या संवादग्रंथात साग्रेदो नावाचे पात्र एका हौदावरच्या पंपाची गोष्ट सांगते. हौदातले पाणी खाली गेल्यावर पंप चालेना. पंप मोडला असे समजून साग्रेदोने कारागिराला बोलावले. कारागिराने पाहून सांगितले की दोष पंपाचा नाही, पाण्याचा आहे. ते फार खाली गेले आहे, आणि अठरा हातांपेक्षा केसभरही अधिक उंचीवर अशा पंपाने पाणी चढत नसते. तिकडचा हात आपल्या हातापेक्षा मोठा. अठरा हात म्हणजे साधारण साडेदहा मीटर. कारागिराचा आकडा बरोबर होता. गॅलिलिओचे स्पष्टीकरण मात्र चुकले: लांब दोरी स्वतःच्या वजनाने तुटावी तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असे त्याला वाटले. हवेच्या वजनाचा विचार पुढे तोरिचेल्लीने केला आणि पाऱ्याच्या नळीचा प्रयोग १६४४ च्या पत्रात कळवला. आपण वर्गात तोरिचेल्लीपासून सुरुवात करतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाला गाळून टाकतो.

आता पुस्तिकेकडे वळू. तिच्या सहाव्या पानावर पंप किती खोलीवरून द्रव उचलेल याचे दोन आकडे आहेत: पंप कोरडा असताना एक आणि पंप द्रवाने भरलेला असताना दुसरा. दुसरा बराच मोठा आहे. तळाशी बारीक अक्षरात आहे की टेफ्लॉनचा डायफ्रॅम लावल्यास कोरडा आकडा आणखी कमी होतो. का? एक ओळ नाही. आणि ही ओळ लिहायला बॉइलचे सूत्र पुरते. पंप कोरडा असताना कप्प्यात हवा आहे. पडदा पूर्ण बाहेर गेला तरी कोपऱ्यात थोडी हवा उरतेच. समजा कप्प्याचे पूर्ण घनफळ दोन भाग आणि उरलेली हवा एक भाग. पडदा मागे आल्यावर ती हवा दुप्पट जागेत पसरेल, दाब निम्मा होईल. म्हणजे वातावरणाचा फक्त निम्मा दाब पाणी चढवायला मोकळा. पाणी चढेल सुमारे ५ मीटर, १० नव्हे. कप्पा द्रवाने भरलेला असेल तर उरलेला द्रव असा पसरत नाही आणि दाब कितीतरी खाली उतरतो. टेफ्लॉनचा पडदा रबरापेक्षा ताठर, त्याचा फेरा आखूड, म्हणून उरलेल्या हवेचे प्रमाण जास्त. एवढे सांगितले की पानावरचे तिन्ही आकडे एकाच धाग्यात येतात.

त्या दुपारी आम्ही हे करून पाहिले. शाळेच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सलाईनची नवी नळी खाली बादलीत सोडली. नळीचा आतला व्यास ३ मिलिमीटर, लांबी ४ मीटर. म्हणजे तिच्यात सुमारे २८ मिलिलिटर हवा. वरच्या टोकाला २० मिलिलिटरची सिरिंज लावून दट्ट्या पूर्ण ओढला, तर पाणी दोन मीटरच्या आतच थांबले. ५० मिलिलिटरच्या सिरिंजने ते गॅलरीपर्यंत आले. मग नळी आधी पाण्याने भरून घेतली आणि तीच २० ची सिरिंज लावली. पाणी सरळ वर आले. माणूस तोच, जोर तोच. हिशेब फळ्यावर मांडायला पाच मिनिटे लागतात: पाणी h मीटर चढले तर हवेला उरलेली जागा ४८ मधून ७h वजा करून मिळते, आणि बॉइलचे सूत्र लावून h दोनच्या किंचित आत येतो. एका गटाच्या नळीत पाणी अजिबात चढेना, नुसते बुडबुडे. जोड सैल होता. कारखान्यातले फिटर याला ‘पंप हवा घेतोय’ म्हणतात. आमच्या मते पाठ्यपुस्तकातल्या ‘पाणी ओढले जाते’पेक्षा हे वाक्य शास्त्राच्या जास्त जवळचे आहे.

याच पानावर आणखी एक उणीव आहे. सगळे आकडे साध्या पाण्याचे आहेत, तशी टीपही आहे. पण टीप वाचून हेल्परने काय करायचे? तीव्र गंधकाम्लाची घनता १.८४. १०.३ ला १.८४ ने भागा: वातावरण त्याला साडेपाच मीटरच तोलते, आणि तेही पूर्ण निर्वात झाला तर. ८० अंश सेल्सिअसच्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे ४७ किलोपास्कल असतो, जवळजवळ निम्मे वातावरण. तेवढा दाब उतरण्याआधीच कप्प्यात पाणी उकळू लागते आणि पुन्हा उत्तर साडेपाच मीटरच्या आसपास येते. गरम द्रव उपसताना पंप ‘उचलत नाही’ म्हणून तो तीनदा खोलणारा माणूस आम्ही पाहिला आहे. पंप धडधाकट होता. साग्रेदोचा कारागीर तिथे हवा होता.

पुस्तिकेचे सर्वांत वापरले जाणारे पान म्हणजे बिघाडांचा तक्ता. आमच्या प्रतीत त्या पानाचा कोपराच झिजून गेला आहे. तीन रकाने: लक्षण, कारण, उपाय. ‘पंप चालतो पण द्रव येत नाही’ या एका लक्षणापुढे पाच कारणे आहेत: खालच्या नळीत हवेची गळती, जाळी तुंबणे, बॉल अडकणे किंवा झिजणे, खोली जास्त असणे, द्रव फार दाट असणे. पाच कारणे, पाच उपाय. कोणते आधी पाहायचे आणि पाचांतले आपले कोणते हे ओळखायचे कसे, यावर मौन. मग माणूस वरून खाली एकेक करत जातो किंवा सरळ पंप खोलतो. परीक्षेत जोड्या जुळवा यावेत तसा हा तक्ता आहे, आणि तो वापरणाऱ्याला तेवढीच बुद्धी शिल्लक ठेवतो.

गंमत अशी की पाच पाने आधी याच पुस्तिकेत या कोड्याची किल्ली एका वाक्यात पडून आहे. वरच्या नळीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर पंप आपोआप थांबला पाहिजे, असे ते वाक्य. तिथे ती या पंपाची सोय म्हणून सांगितली आहे. खरे तर ती एक सुरेख चाचणी आहे. पंपात द्रव ढकलणारी शक्ती म्हणजे हवेचाच दाब. द्रवाचा दाब हवेच्या दाबाइतका झाला की पडदा दोन्हीकडून सारखा दाबला जातो आणि हलत नाही. व्हॉल्व्ह बंद करूनही पंप टक-टक चालूच राहिला, तर हवा किंवा द्रव कुठून तरी आतल्या आत निसटतो आहे: बॉल बैठकीवर बसत नाही, पडदा फाटला आहे किंवा एअर व्हॉल्व्ह झिजला आहे. पंप थांबला, तर पोटातले सगळे बहुधा ठीक. दोष खालच्या नळीत, जाळीत किंवा खोलीत शोधा. पाना हातात न घेता पाच कारणांची दोन गटांत विभागणी झाली. (मोटरवर चालणाऱ्या पिस्टन पंपावर हे कधीही करू नये. त्याला थांबणे माहीत नसते. नळी किंवा पंप फुटतो. हाही एक चांगला प्रश्न आहे: दोघांत फरक का?)

पुढची पायरी कानाची. दोन्ही कप्पे सारखे असले की ठोके सारख्या अंतराने पडतात. एका बाजूचा खालचा बॉल झिजला असेल तर त्या बाजूचा द्रव वर जाण्याऐवजी खाली परततो, पडद्याला अडथळा कमी होतो आणि तो फेरा चटकन संपतो. पंप लंगडतो. खालच्या सामाईक नळीत गळती असेल तर मात्र दोन्ही बाजूंना ती सारखीच भोवते, ठोके जलद पण सम राहतात. जुने फिटर हे ऐकून ओळखतात, आणि त्यांना त्याचे कारण विचारले तर ‘सवय’ म्हणतात. चोवीस पानांत आवाजाबद्दल एकच ओळ आहे: मोठा आवाज येत असल्यास मफलर तपासा.

मफलरचा विषय निघालाच आहे तर बर्फाबद्दल सांगितले पाहिजे. मे महिन्यात, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला असताना, या पंपाच्या मफलरवर पांढरा बर्फ धरलेला दिसतो. सायकलचा पंप मारताना गरम होतो हे उदाहरण आपण देतो. त्याची उलट बाजू इथे आहे. दाबाखालची हवा एकदम मोकळी होताना बाहेरच्या हवेला ढकलते, त्यासाठी लागणारी ऊर्जा स्वतःतूनच खर्च करते आणि थंड होते. तिच्यातली वाफ गोठते, बर्फ मार्ग अडवतो, पंप मंदावतो. पुस्तिका म्हणते: कोरडी हवा वापरा. बरोबर आहे. पण हवेत ओल येते कुठून? ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. बोईसरच्या ८० टक्के दमट हवेत ती सुमारे २४ ग्रॅम असते. कॉम्प्रेसरने ही हवा एक-अष्टमांश जागेत दाबली आणि ती पुन्हा ३० अंशांवर आली, तर तिथे मावेल ४ ग्रॅमपेक्षा कमी. उरलेले सुमारे २० ग्रॅम पाणी नळीत साचते. पश्चिम किनाऱ्यावर प्रत्येक घनमीटरमागे एवढे पाणी काढून टाकावे लागते, हा हिशेब कळलेला मुलगा कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन उघडायला सहसा विसरणार नाही.

पुस्तिकेचे जे पान आम्हांला खरोखर आवडले ते पदार्थांचे. डायफ्रॅम कशाचा आहे आणि त्याला कोणते रसायन चालते, याची ती मोठी सारणी आहे. आपल्या पुस्तकांत ‘रबर’ हा एक पदार्थ असतो. इथे नायट्राइल, निओप्रीन, ईपीडीएम, व्हायटॉन, टेफ्लॉन अशी वेगवेगळ्या स्वभावांची माणसे आहेत. नायट्राइल खनिज तेलात टिकते, ॲसिटोनमध्ये फुगते. ईपीडीएमचे नेमके उलट. व्हायटॉन टोल्युइनला दाद देत नाही, पण ॲसिटोन त्याला नासवते. टेफ्लॉन जवळजवळ कशालाच बधत नाही, मात्र वारंवार वाकण्याचा त्याला कंटाळा आहे. शिवाय दाबाखाली ते हळूहळू सरकते, म्हणून त्याचे बोल्ट काही काळाने पुन्हा आवळावे लागतात. एवढी सामग्री एका पानावर आहे आणि तिचे काय केले आहे? अ, ब, क, ड असे गुण देऊन टाकले आहेत. अकरावी-बारावीत ध्रुवीय आणि अध्रुवीय रेणू शिकवतो, ‘समान समानाला विरघळवतो’ हे सांगतो. त्या सूत्राने या सारणीचा मोठा भाग अंदाजाने भरता येतो. आणि कुठे अंदाज चुकतो तेही कळते. दुसऱ्याला हसण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमच्याच प्रयोगशाळेत ‘व्हायटॉन महाग, म्हणजे सर्वांत चांगले’ या समजुतीने ॲसिटोनच्या नळीला व्हायटॉनची रिंग बसवली होती. आठवड्याच्या आत ती फुगून बाहेर डोकावू लागली. सारणी कपाटातच होती. शाळेत हे पाहायचे असेल तर साधे रबर बँड घ्या. एक पाण्यात, एक खाण्याच्या तेलात, एक केरोसीनमध्ये झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लांबी मोजा. पेट्रोल वापरू नका.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. सुरक्षिततेच्या सूचना पुस्तिकेच्या सुरुवातीला अडीच पाने आहेत, सगळ्या सारख्याच ठळक अक्षरात. ‘हातमोजे घाला’ आणि ‘ॲल्युमिनियमच्या पंपात क्लोरीनयुक्त विद्रावक वापरू नका, स्फोट होऊ शकतो’ या दोन सूचना शेजारी शेजारी, एकाच मापाच्या. जिथे सगळे ओरडत असते तिथे काहीच ऐकू येत नाही. आणि ज्या सूचनेची गरज बाराव्या पानावर, पंप खोलण्याच्या पहिल्या पायरीपाशी आहे, ती तिसऱ्या पानावर राहते: हवा बंद केल्यावर आत अडकलेला दाब सोडा. त्या मुलाला आम्ही विचारायला सांगितले होते की हवेचा कॉक बंद केला म्हणजे दाब गेला का? सरांनी सांगितले, त्याचे उत्तर ‘हो’ असे आले. आकडे पाहू. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर ६ किलोग्रॅम भार, म्हणजे एकूण सुमारे १९०० किलो. पंप चालू असताना पडद्याच्या दुसऱ्या बाजूला द्रव असतो, त्यामुळे हे जाणवत नाही. पंपाच्या बाहेरच्या पट्ट्या आणि बोल्ट ते सगळे सोसत असतात. त्याच बोल्टवर मुलगा पाना लावतो, आणि द्रवाच्या जागी आम्ल असते. ‘दाब गुणिले क्षेत्रफळ’ हे सूत्र त्याने दहावीपर्यंत नक्कीच दोन-तीनदा लिहिले असेल.

आणखी एक. पडदा फाटला की द्रव हवेच्या बाजूला शिरतो आणि मफलरमधून बाहेर उडतो. पुस्तिकेच्या तक्त्यात हे ‘मफलरमधून द्रव येणे – डायफ्रॅम बदला’ इतक्या शांतपणे आले आहे की जणू नळाचा वॉशर बदलायचा आहे. मफलर कोणाच्या तोंडासमोर आहे, हा प्रश्न पंप बसवतानाच विचारायचा असतो.

भाषेबद्दल बोलायलाच हवे. पाहिलेल्या सर्व पुस्तिका इंग्रजीत होत्या. एक तर कुठल्याशा दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत आलेली, जिचा अर्थ आम्हांलाही लागेना. १९४८ च्या कारखाना कायद्यात कामगारांसाठीच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची तरतूद होती. पण ती भिंतीवरच्या फलकांपुरती. खोक्यातल्या पुस्तिकेला ती लागू होत नव्हती. बोईसरच्या एका पाळीत मराठी, हिंदी, भोजपुरी, गुजराती, वारली बोलणारी माणसे एका पंपाभोवती उभी असतात. चित्रे मोठी करून, प्रत्येक पायरीशी एक ‘का’ जोडून, मराठी आणि हिंदीत बारा पानांची पुस्तिका करणे अवघड नाही. भौतिकशास्त्राचा एक शिक्षक आणि एक फिटर आठवडाभर एकत्र बसले तर ती होईल. कार्यशाळेतल्या दोघा-तिघांनी तसे सुरू केले आहे.

पुस्तिकेच्या शेवटी ‘नोंदी’ म्हणून एक कोरे पान असते. आमच्या प्रतीत ते कोरे नाही. तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, देवनागरीत, डायफ्रॅम कधी बदलला त्याच्या तारखा आहेत. दोन तारखांमधले अंतर प्रत्येक वेळी कमी होत गेले आहे. कारण कोणीही लिहिलेले नाही, आणि बहुधा विचारलेलेही नाही. सरांनी त्या पानाची प्रत काढून नववीच्या वर्गात वाटली आणि आलेख काढायला सांगितला. आलेख झाल्यावर एका मुलीने हात वर केला: या काळात पंपातून जाणारे रसायन बदलले होते का, की फक्त पडद्याचे रबर बदलले होते? ते कसे शोधायचे? सरांनी तो प्रश्न कागदावर उतरवून आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवला आहे.